चार गोलांचं चरित्र

माणसाचं मोठेपण त्याच्या जन्मभूमीत पाऊल ठेवल्याशिवाय कळत नाही.

हे वाक्य मी पुण्याहून निघण्याआधीच लिहून ठेवलं होतं. दुसऱ्यांची चरित्रं लिहून देण्याच्या धंद्यात पहिलं वाक्य हाताशी तयार असलेलं बरं असतं. आजवर मी एका पतसंस्थेचे अध्यक्ष, एक दंतवैद्य आणि एक शिक्षणमहर्षी यांची चरित्रं लिहिली आणि तिघांनाही हे वाक्य थोडंफार उसवून व्यवस्थित बसलं. त्यांच्यापैकी कोणाच्या जन्मभूमीत मी गेलो नव्हतो. या वेळी खरोखरच गेलो आणि तिथेच घोटाळा झाला.

प्रकाशकांना खेळाडूंची एक माला काढायची होती. कुस्तीगीर आणि क्रिकेटवाले इतर लेखकांनी आधीच उचलले. माझ्या वाट्याला नवनाथ आला. आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या पलीकडे एका वाडीत राहणाऱ्या धनगर कुटुंबातला मुलगा. शाळेत असताना पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली आणि पुढे तो पगार घेऊन फुटबॉल खेळला. गोवा, कोलकाता, केरळ, मिझोराम. तो मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा. मला फुटबॉलबद्दल एवढंच ठाऊक होतं की त्यात चेंडूला हात लावायचा नसतो. वाचनालयातून नियमांचं पुस्तक आणलं तेव्हा समजलं, की हेही सर्वांना लागू नाही.

मंचर

एसटीतून उतरलो तर समोरच फ्लेक्स. ‘आंबेगावची शान’, खाली नवनाथचं नाव आणि वर हवेत झेप घेतलेला, मुठी आवळलेला खेळाडू. यात्रेनिमित्त भव्य सत्कार व फुटबॉल सामना. कांद्याच्या ट्रकांची रांग हलत नव्हती, त्यामुळे मला तो फ्लेक्स सावकाश पाहता आला. शेजारी एक बारीकसा माणूस मोटारसायकलला टेकून उभा होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “सर, मीच नवनाथ.”

मी एकदा त्याच्याकडे आणि एकदा वर पाहिलं.

“तो मी नाही,” तो म्हणाला. “फ्लेक्सवाल्यानं मोबाईलवरून घेतलाय कुणाचातरी. माझा असा फोटो त्याला सापडला नाही. गोल मारल्यावरचा पाहिजे म्हणाला.”

आम्ही मिसळ खायला बसलो. त्याच्या कारकिर्दीचा आराखडा मला पहिल्या भेटीतच करायचा होता, म्हणून सरळ विचारलं, एकूण गोल किती. तो म्हणाला चार. मी या हंगामाबद्दल विचारत नव्हतो, असं मी त्याला समजावलं. त्यानं तोही विचार केलेला होता. सगळ्या आयुष्यात चार. त्यातला एक आपल्याच संघावर.

मग तो नक्की काय करतो, हे त्यानं टेबलावर मांडून दाखवलं. पाव म्हणजे बचाव. फरसाणाची वाटी म्हणजे पुढचे खेळाडू, गोल करणारे. आणि मध्ये लिंबाची फोड म्हणजे तो स्वतः. पावाकडून चेंडू लिंबाकडे येतो. लिंबानं तो येण्याआधीच मान वळवून वाटी कुठे आहे ते पाहून ठेवायचं, आणि एका फटक्यात पुढे द्यायचा. मी मनापासून ऐकत होतो. ऐकता ऐकता ती फोड उचलून मी मिसळीवर पिळली.

“असंच असतं सर,” तो म्हणाला आणि जेवू लागला.

मोटारसायकलवर बसताना त्यानं उजवा पाय हातानं उचलून पलीकडे टाकला, तेव्हा मी विचारलं. वाटेत, वाऱ्यातून, अर्धं अर्धं सांगून त्यानं ते पुरं केलं. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी खेळणं बंद करायला सांगितलंय. क्लबनं पुढचा करार केलेला नाही. यातलं घरी काहीच माहीत नाही.

वडिलांनी त्याला एकदाही खेळताना पाहिलेलं नव्हतं. फुटबॉलचा हंगाम दिवाळीच्या आसपास भरात येतो आणि दिवाळी झाली की यांची मेंढरं घाट उतरून कोकणात जातात. वर्षानुवर्षं बाप खाली कोकणात आणि मुलगा कुठेतरी मैदानावर. एकदा मोबाईलवर सामना दाखवला, तर म्हाताऱ्याला त्यात मुंग्या दिसल्या. आता थोरला भाऊ मेंढरं घेऊन जातो, वडील घरी असतात, आणि परवा यात्रेत गावानं सामना ठेवलाय.

“एकदा बघू दे त्यांना,” नवनाथ म्हणाला. “मग सांगतो, संपलं म्हणून.”

मी म्हटलं, पण डॉक्टर पळू नको म्हणालेत ना.

“मिडफिल्डरला फार पळावं लागत नाही, सर.”

परत आल्यावर दुसऱ्या एका पुस्तकात वाचलं. मैदानावर सर्वांत जास्त तोच पळतो.

वाडी

नवनाथच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. ओट्यावर बसून ते मला बराच वेळ निरखत होते. मी चरित्र लिहायला आलोय असं नवनाथनं सांगितलं.

“चरित्र म्हंजे मेल्यावर लिवत्यात ते ना?” आप्पा म्हणाले.

हल्ली आधीही लिहितात, मी म्हणालो.

“मग घाई काय व्हती? पोरगं अजून खेळतंय.”

नवनाथ विहिरीकडे पाहू लागला. मीही पाहू लागलो. विहिरीत पाहण्यासारखं काही नव्हतं.

रात्री मासवडी होती. जुन्नर-आंबेगावात पाहुण्याला मासवडी न घालता परत पाठवत नाहीत. पुण्यातही ती मिळते, पण तिच्या रश्श्याला इथला झणका नसतो. मी नवनाथच्या आईला म्हटलं, नाव मासवडी आणि यात मासा नाही, हे कसं? त्या म्हणाल्या, मासा कशाला पाहिजे, आकार माशाचा हाय की. पुढे मी विचारलं की नवनाथ काय करतो असं त्या लोकांना सांगतात. त्या शांतपणे म्हणाल्या, “कामाला जातो तिकडं. खेळायचं काम हाय.” माझ्या वहीत करियरची याहून नेमकी व्याख्या अजून उतरलेली नाही.

सकाळी यात्रा कमिटीचे अध्यक्ष तात्या आले. बागायतदार, आणि बैलगाड्याचे मोठे मालक. या भागात यात्रा म्हणजे बैलगाडा. देवळाकडे चढत जाणाऱ्या धावपट्टीला घाट म्हणतात. त्यावरून चार बैलांचा रिकामा गाडा सुटतो, पुढे घोडीवर एक स्वार, आणि कोण किती सेकंदात वर पोचला यावर पुढच्या वर्षभराची इज्जत ठरते. तात्यांना फुटबॉलबद्दल एकच गोष्ट स्पष्ट करून हवी होती.

“सायेब, ह्यो नेमका कुणाचा?”

मी म्हटलं, म्हणजे?

“न्हाई, गोव्यात व्हता, मग कोलकात्यात गेला, मधी एक वरीस केरळात दिला व्हता आन परत आणला. मग ह्याचा मालक कोण?”

मी समजावायला सुरुवात केली. क्लब खेळाडूला करारानं बांधतो, गरज नसेल तेव्हा दुसऱ्या क्लबला काही काळासाठी देतो, तो तिकडे खेळून परत येतो. तात्यांनी मला अर्ध्यात थांबवलं.

“आमच्या गाड्यावानीच हाय की. माझ्याकडं तीनच बैल हायती. चौथा मी आळ्याच्या पावण्याकडनं आणतो यात्रेपुरता. बैल त्यांचा, गाडा माझा. नाव दोघांचं लागतं.” मग म्हणाले, “बैलाचा सत्कार करत न्हाईत राव. फेटा मालकाला बांधत्यात.”

दहा मिनिटांपूर्वी मला नवनाथची कारकीर्द थोडीशी कळत होती. आता तात्यांना ती पूर्ण कळली होती आणि मला अजिबात कळेनाशी झाली.

आळे

गोलाला जाळ्या नव्हत्या. चौकट मांडववाल्यानं लोखंडी पायपांची करून दिली होती, पण जाळी कुठून आणायची याचा कमिटीला पेच होता. तात्यांच्या आळ्याच्या पाहुण्यांकडे भाजीच्या रोपांवर टाकायची हिरवी जाळी होती. तिच्यासाठी आणि चौथ्या बैलासाठी एकच टेम्पो जाणार होता. टेम्पोचा ड्रायव्हर पोपट म्हणजे गावच्या संघाचा फॉरवर्ड, नवनाथच्या वर्गातला. मी त्याच्या शेजारी बसलो.

पोपटानं वाटेत शाळेतलं सांगितलं. शाळेत तोच मोठा खेळाडू व्हता, नवनाथ निसता मधी उभा राह्यचा. निवडीला मास्तर आले तेव्हा पोपट तापानं झोपलेला. तसा मनात राग काय न्हाई, म्हणाला. मग आळे फाटा येईपर्यंत बोलला नाही.

आळ्यात पाहुण्यांनी आम्हाला आधी दर्शनाला नेलं. ज्या रेड्यानं वेद म्हटले, त्याची समाधी या गावात आहे. लोक श्रद्धेनं येतात, नारळ ठेवतात. मी हात जोडून उभा राहिलो आणि मला माझ्या मालेचा विचार पडला. जो बोलला त्या रेड्याचं देऊळ आहे. तात्यांचा एक नावाजलेला बैल गेला तेव्हा त्याचा दशक्रिया विधी झाला होता, गावजेवण झालं, त्याचाही फ्लेक्स लागला होता, आणि त्यावर फोटो त्याचा स्वतःचा होता. हे मला पोपटानंच सांगितलं. आणि इकडे आपला धडधाकट, निदान डाव्या गुडघ्यापुरता तरी धडधाकट माणूस, चौकात दुसऱ्याच्या तोंडानं उडी मारतोय.

परतताना मागे बैल, त्याच्या पायाशी जाळी. वाडीत पोचेपर्यंत बैलानं जाळीला एक मोठं भोक पाडलं होतं. कमिटीनं ते पाहिलं आणि हा गोल सामनाभर पाहुण्या संघालाच द्यायचं ठरवलं.

घाट

यात्रेच्या दिवशी सकाळपासून गाडे पळत होते. भंडारा, धुरळा, आणि मांडवातून निवेदकाचा न थांबणारा आवाज. दुपारी दुसऱ्या क्रमांकावरून वाद झाला. घड्याळवाल्यांनी एका मालकाला दुसरा ठरवलं, त्याचं म्हणणं पडलं की तो पहिलाच आहे. तो बैल घेऊन, बक्षीस तिथेच टाकून निघून गेला. त्याची समजूत घालण्यात सामना तासभर लांबला.

मैदान म्हणजे घाटाच्या वरचं पठार, एका अंगाला उतरतं. पाहुणा संघ जुन्नरच्या एका महाविद्यालयाचा, सगळे विशीतले. आमच्याकडे नवनाथ, पोपट आणि बाकी ज्यांच्याकडे बूट होते ते. मला मांडवात खुर्ची होती. निवेदकानं मला ‘ज्येष्ठ फुटबॉल तज्ज्ञ’ म्हणून जाहीर केलं. खुलासा करायला मी उठलो, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसलो.

शेजारच्या खुर्चीवर आप्पा. स्वच्छ धोतर, हातात काठी, डोळे मैदानावर.

मी फक्त नवनाथकडे पाहायचं ठरवलं होतं. चरित्रासाठी वर्णन लागतं. पण त्याच्याकडे पाहत राहिलं की सामना कुठे चाललाय ते कळत नव्हतं, आणि सामन्याकडे पाहिलं की नवनाथ दिसत नव्हता. तो चालायचा, मान वळवायचा, बोट दाखवायचा. चेंडू त्याच्याकडे यायचा आणि पायाला लागायच्या आत जणू निघून गेलेला असायचा. प्रत्येक वेळी तो पोपटाकडे जायचा आणि प्रत्येक वेळी पोपट तो चौकटीच्या वरून उसाच्या दिशेला मारायचा. निवेदक पोपटाचं नाव घेऊन घेऊन दमला. नवनाथचं नाव एकदाही आलं नाही. बैलगाड्याच्या सवयीनं तो प्रत्येक फटक्याचे सेकंद सांगत होता, कशाचे ते कळत नव्हतं.

उत्तरार्धात नवनाथचा पाय ओढला जाऊ लागला. गोल कोणाचाच नव्हता. तेवढ्यात पाहुण्यांच्या चौकटीसमोर दोन पोरं एकमेकांना नुसती घासून गेली आणि पंचांनी, म्हणजे शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी, जोरात शिट्टी वाजवून पेनल्टी दिली. शिट्टी वाजवताना ते तात्यांकडे पाहत होते. तात्या माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “म्हाताऱ्यासाठी ठरवून ठिवली व्हती. एक गोल तरी बापानं बघावा. त्या पोराला म्हाईत न्हाई.”

सगळा घाट ओरडू लागला. नवनाथ, नवनाथ. पहिल्यांदाच. आप्पा काठी टेकून उभे राहिले.

नवनाथनं चेंडू खुणेवर ठेवला. समोर एक किडकिडीत गोलरक्षक आणि त्याच्यामागे बैलानं फाडलेली जाळी. मी इतका गोंधळलो होतो की मला प्रार्थना करावीशी वाटली, पण कशासाठी ते ठरेना. नवनाथ तीन पावलं मागे गेला, लंगडत पुढे आला आणि चेंडूला हळूच, पुढे तिरका, वीतभर ढकलला. मागून पोपट धावत येत होता. त्यानं डोळे मिटून लाथ मारली. चेंडू गोलरक्षकाच्या बाजूनं आत गेला, भोकातून बाहेर पडला आणि उताराला लागला.

घाट गप्प झाला. असं काही असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. पाहुणा संघ पंचांच्या अंगावर धावला, पंच मांडवाकडे धावले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“सर, हे चालतं का?”

मी नवनाथकडे पाहिलं. तो कमरेवर हात ठेवून, कोणाकडेच न पाहता उभा होता. आयुष्यभर पगार घेऊन खेळलेल्या माणसानं केलंय म्हणजे चालत असणार, एवढाच माझा आधार.

“चालतं,” मी म्हणालो.

फुटबॉलवर मी दिलेला हा एकमेव निर्णय. परतल्यावर पुस्तकात पाहिलं; चेंडू पुढे गेला असेल तर चालतं. तो पुढे गेला होता की बाजूला, हे मला आजही सांगता येणार नाही.

पोपटाला लोकांनी खांद्यावर घेतलं. त्याला भंडाऱ्यात पिवळा करून टाकलं. निवेदकानं त्याच्या आजोबांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. त्याला नारळ मिळाला, आणि तो नारळ छातीशी धरून टेम्पो ड्रायव्हर पोपट सरळ रडू लागला. नवनाथ मांडवाच्या खांबाला टेकून गुडघ्यावर पाणी ओतत होता.

मग सत्कार. तात्यांनी शब्द पाळला. फेटा मालकाचा असतो, म्हणून स्टेजवर आप्पांना बोलावलं. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला आणि एक ढाल दिली. नवनाथला कोणी वर बोलावलं नाही. तो खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि चक्क आनंदानं. आप्पांना दोन शब्द बोला म्हटलं. त्यांनी माईक तोंडापासून लांब धरला आणि म्हणाले, “मी काय केलं न्हाई राव. मी मेंढरामागं व्हतो.”

परत वाडी

घरी चालतच गेलो. आप्पा पुढे, फेट्यासकट. नवनाथ मागे पाय ओढत, मी मध्ये. मग नवनाथनं विचारलंच.

“आप्पा, बघितलं?”

“बघितलं की.”

“काय बघितलं?”

आप्पा थांबले नाहीत. “पोपट सारखा चुकत व्हता. तरी तू त्यालाच चेंडू देत व्हतास. आन शेवटाला तुझा व्हता, तर त्योबी त्यालाच दिला. का?”

“तो मोकळा होता, आप्पा.”

“मोकळा म्हंजे?”

“त्याच्यापाशी कुणी नव्हतं.”

आप्पांनी यावर ओढा ओलांडेपर्यंत विचार केला. “चुकणाऱ्यापाशी कोण कशाला हुबं राहील,” ते म्हणाले. ही दाद होती की तक्रार, मी दोघांच्याही चेहऱ्यावर शोधलं. एकाचा चेहरा पुढे होता आणि एकाचा मागे.

घराच्या कुंपणापाशी नवनाथ म्हणाला, “आप्पा, हे शेवटचं होतं. गुडघा गेला. आता कुणी बोलावणार नाही.”

आप्पांनी वळून त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता चरित्राचं शेवटचं प्रकरण सापडणार. मी वहीही काढली.

“मग ह्ये पावणं लिवणार काय?” आप्पा म्हणाले. मग नवनाथला म्हणाले, “आत चल. हुभा राहू नगंस त्या पायावर.” आणि दाराशी त्यांनी खांदा पुढे केला. नवनाथनं त्यावर हात टाकला. फेटा सुटून दोघांच्या पायात येत होता, तसेच आत गेले.

सकाळी निघताना नवनाथला एवढंच विचारलं. पेनल्टी स्वतः का नाही मारली? गुडघ्यानं साथ दिली नसती म्हणून, पोपटाचं जुनं काही देणं वाटलं म्हणून, की पंच बघून कट ओळखला म्हणून? त्यालाही माहीत नसावं. “पोपट पळत येताना दिसला,” तो म्हणाला. “दिसला की द्यायचा, एवढंच येतं मला.”

पहिलं वाक्य मी पुस्तकात तसंच ठेवलंय. प्रकाशकांना ते आवडलं आहे. त्याच्या पुढे काय लिहायचं ते अजून ठरत नाही.

ढाल आप्पांनी देवळीत, देवांच्या शेजारी ठेवली आहे. यात्रेच्या दुपारी रागानं निघून गेलेल्या गाडामालकाची ती शिल्लक राहिलेली. तिच्यावर चार बैल आहेत, पुढे घोडी आहे, आणि खाली कोरलंय: द्वितीय क्रमांक.